सातवा खांब

आमची प्लॅनिंगची खोली रुग्णालयाच्या तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर पाऊस आहे की ऊन, ते आत येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं. तीन टेबलं, त्यांवर स्क्रीन, आणि एका भिंतीला पेशंटच्या मास्कांचं उघडं फडताळ. किरण देताना डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी बसवून असा मास्क तयार करतात. नवा माणूस त्या फडताळाकडे पाठ करून बसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही डबाही तिथेच खातो.

मी फिजिसिस्ट आहे. कॅन्सरच्या गाठीवर किरण कोणत्या कोनातून आणि किती सोडायचे, याचा प्लॅन करणं हे माझं काम. लोकांना वाटतं, हे डॉक्टर ठरवतात. डॉक्टर काय हवं ते सांगतात, आणि त्यांना सगळंच हवं असतं. गाठीला पूर्ण डोस मिळाला पाहिजे आणि गाठीला चिकटलेल्या नसेला अजिबात मिळता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. एकीचं ऐकलं की दुसरी बोंब मारते.

पूर्वी मी एकच प्लॅन करून वर पाठवायची. आता कॉम्प्युटर शेकडो प्लॅन काढतो आणि मी ते आलेखावर मांडते. त्यासाठी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आहे. पहिल्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे एक प्लॅन. आडवं मोजाल तर नसेचं नुकसान, उभं मोजाल तर गाठीचा उपाशी राहिलेला भाग. ठिपके नेहमी एका कमानीत बसतात आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून लांब राहतात. त्या कोपऱ्यात दोन्ही नुकसानं शून्य, म्हणून तिथे कुणी पोहोचत नाही. दुसऱ्या चित्रात उभे खांब असतात. प्रत्येक खांब म्हणजे एक मागणी. खाली चांगलं, वर वाईट. प्रत्येक प्लॅनचा एक धागा या सगळ्या खांबांवरून ताणलेला असतो. एका खांबावर खाली आलेला धागा पुढच्या खांबावर वर चढतो, आणि सगळ्या धाग्यांच्या मिळून फुल्याच फुल्या दिसतात. डॉक्टरांनी ते बघायचं आणि कुठे किती सोसायचं ते ठरवायचं.

हे इतकं सांगितलं, कारण पुढचं सगळं या दोन चित्रांत घडलं.

माझा भाऊ, दादा, ड्रायव्हिंग शिकवतो. शिकवायचा. अर्धं गाव त्याच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलेलं आहे. एका सकाळी शिकाऊ मुलीने करकचून ब्रेक दाबला तेव्हा त्याला कळलं, की डावीकडून आलेला सायकलवाला आपल्याला दिसलाच नव्हता. तपासणीत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना भेटतात तिथे गाठ निघाली. ऑपरेशन करून काढता आली तेवढी काढली. उरलेली नसांना बिलगून बसली होती. ती माझ्या वाट्याला आली.

आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सख्ख्या भावाचा प्लॅन. जमेल तुला?"

"दुसऱ्या कुणी केला तर मला झोप लागणार नाही," मी म्हटलं.

"तू केलास तरी लागणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मागण्या लिहून दिल्या. गाठ, डावी नस, उजवी नस, मेंदूचा देठ, मेंदूखालची ग्रंथी आणि स्मरणाचा भाग. सहा खांब.

प्लॅन तयार झाले त्या दुपारी दादा खाली आला. येताना नेहमीसारखा दारातूनच ओरडला, "काय शहाणे, लावलास का माझा निकाल?" टाळूवरचे टाके अजून ताजे होते. खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी बसला, जसा शिकाऊ चालकाच्या शेजारी बसायचा तसा, पाय पुढे ताणून, अदृश्य ब्रेकवर ठेवल्यासारखे.

मी त्याला ठिपके दाखवले. "इथे डावा डोळा जवळजवळ वाचतो, पण गाठीचा तुकडा शिल्लक राहतो. इथे गाठ पूर्ण मरते, पण डावा डोळा जातो आणि उजवा धूसर होतो."

"म्हणजे घासाघीस आहे."

"घासाघीसच."

"आणि हे मधले?"

"दोन्हीकडून थोडं थोडं."

"आई आपल्याला एक पेरू वाटून द्यायची तसं. दोघंही रडायचो." तो हसला. मग माउस त्याने स्वतःच्या हातात घेतला. ठिपक्यावर माउस नेला की एक चौकट उघडते आणि तिच्यात त्या प्लॅनचा क्रमांक आणि आकडे येतात. तो एकेक ठिपका उघडत गेला. डावा आरसा, उजवा आरसा, असं काहीतरी पुटपुटत. मग खालच्या कोपऱ्याशी थांबला.

"ही चांदणी कसली?"

"ती खूण आहे. सगळंच सर्वांत चांगलं मिळालं असतं तर ते इथे असतं, एवढंच दाखवायला मी काढते. तिथे प्लॅन नाही."

"आहे की."

चांदणीवर चौकट उघडली होती. तिच्यात प्लॅनचा क्रमांक होता. गाठ पूर्ण झाकलेली. दोन्ही नसा, देठ, ग्रंथी, स्मरण, सगळीकडे शून्य.

मी हसले. प्रोग्रॅममध्ये चूक आहे म्हणून सांगितलं आणि त्याला बसमध्ये बसवून दिलं. मग खाली येऊन चूक शोधायला बसले. चांदणीची जागा काढणाऱ्या ओळी तपासल्या. त्या फक्त प्रत्येक मागणीचा सर्वांत कमी आकडा घेऊन तिथे एक खूण काढत होत्या. खुणेला क्रमांक चिकटायचं काही कारण नव्हतं. तो क्रमांक मी निकालांत शोधला. सापडला. तसा प्लॅन खरोखर होता. किरणांचे कोन होते, पानापानाने उघडझाप करणाऱ्या झडपांच्या जागा होत्या, सगळं होतं. त्याचा डोस मी नव्याने मोजून पाहिला. गाठीच्या कडेपर्यंत डोस भरलेला, आणि कडेला चिकटलेल्या नसेत काहीच नाही, एखाद्याने ब्लेडने कापावा तसा. किरण असे थांबत नाहीत. ते कुठूनतरी आत जातात, कुठूनतरी बाहेर पडतात.

मग दुसरं चित्र उघडलं. शेकडो धागे नेहमीसारखे एकमेकांना छेदत होते. त्यांच्या खाली, अगदी तळाशी, एकच धागा सहाही खांबांवरून सरळ गेला होता, जमिनीवर टाकलेल्या दोरीसारखा. आणि सहाव्या खांबाच्या पुढे, उजव्या कडेला, सातवा खांब होता.

तो मी काढला नव्हता. त्याला नाव नव्हतं. इतर सगळे धागे त्याच्यावर तळाशी येऊन संपत होते. तळाचा तो एक धागा मात्र तिथे एकदम वर चढला होता, थेट टोकाला.

पायथॉनमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. निकाल फाइलमध्ये साठवून परत वाचले की कधीकधी एक बिननावाचा रकाना आपोआप आत शिरतो. त्यात ओळींचे क्रमांक असतात. माझा प्रोग्रॅम जेवढे रकाने मिळतील तेवढे खांब काढतो, म्हणजे हा तोच असणार. मला फार हायसं वाटलं. मग लक्षात आलं, की ओळींचे क्रमांक असते तर ते एक, दोन, तीन असे वाढत गेले असते. इथे सगळ्यांपुढे शून्य होतं आणि एका प्लॅनपुढे एक.

दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं.

"मला हे आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"का ते सापडत नाहीये, म्हणूनच."

त्यांनी दुसऱ्या पद्धतीने हिशेब करायला लावला. तेच आलं. मग मशिनवर, माणसाच्या जागी मोजणीची प्लास्टिकची पेटी ठेवून, खरे किरण सोडून डोस मोजला. दर वेळी थोडा फरक पडतो, पडतोच. या वेळी मोजलेलं आणि हिशेबातलं तंतोतंत जुळलं. टेक्निशियन काका कागद हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "ताई, मशिन इतकं शहाण्यासारखं कधी वागत नाही हो," ते म्हणाले.

सातव्या खांबाबद्दल मी दादाला सांगितलं. लपवलं नाही. आम्ही रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, वहिनी औषधांच्या रांगेत होती.

"कशाचं नुकसान दाखवतो तो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. त्याला नावच नाही."

"मोजता येतं?"

"फक्त एक आकडा आहे. कशाचा ते कळत नाही."

तो रस्त्याकडे बघत होता. समोर एक नवशिका गाडी लावायचा प्रयत्न करत होता आणि दादाची मान नकळत त्याच्याबरोबर वळत होती. "डोळ्याला नाव आहे," तो शेवटी म्हणाला. "ज्याला नावच नाही ते गेलं तर मला कळणार तरी कसं?"

मॅडमनी त्याला चांदणीचा आणि कमानीतला मधला, असे दोन्ही प्लॅन समजावले, धोके समजावले आणि विचारलं. त्याने चांदणी निवडली. मी त्याच्या जागी असते तर मीही तीच निवडली असती. सातवा खांब चित्र घाणेरडं करत होता म्हणून बिननावाचा रकाना गाळून टाकणारी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली. सगळेच घालतात.

उपचार सुरू झाले. दादा रोज सकाळी यायचा, मास्कखाली झोपायचा, उठून गाडी शिकवायला जायचा. उलट्या नाहीत, थकवा नाही, केसही गळाले नाहीत. काका म्हणायचे, असा पेशंट पाहिला नाही, टेबलावर ठेवला की ठेवला. रोज किरण सोडण्याआधी चित्र काढून डोकं जागेवर आहे का ते बघतात. थोडं इकडेतिकडे असतंच, माणूस श्वास घेतो. दादाचं रोज शून्य यायचं.

मग एका सकाळी काका माझ्या खोलीत आले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"ताई, मी तुमच्या भावाला आत विसरलो."

किरण देऊन झाले होते. काकांनी मशिन बंद केलं, दार उघडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ती म्हातारी बाई आत जाऊन टेबलापाशी उभी राहिली, स्वेटर काढून टेबलावर ठेवला आणि किंचाळली. टेबलावर मास्कखाली दादा होता.

"तुम्ही कॅमेऱ्यात बघितलं नाही का?"

"तेच तर. मी कॅमेऱ्यातच बघत होतो. टेबल दिसत होतं. तोही दिसत होता, ताई. खोटं कशाला बोलू. पण तिथे माणूस आहे असं वाटलंच नाही."

मी धावत गेले. दादा बाहेर बाकावर बसून बुटांचे बंद बांधत होता. "अगं काही नाही," तो म्हणाला. "तिने अंगावर स्वेटर टाकला, जरा ऊबच मिळाली." त्याला हसायचं होतं, पण हसू काही पुरं झालं नाही.

पहिल्या तपासणीत गाठ निम्मी झाली होती. पुढच्या तपासणीत ती शोधावी लागली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर आजाराच्या आधीपेक्षा चांगली आहे. त्या दिवशी वहिनीने मला जेवायला बोलावलं. माझी भाची, दादाची मुलगी, ताटं वाढत होती. आम्ही बसलो. ताटं तीन होती.

"अगं, बाबांचं?" मी म्हटलं.

भाची ताटांकडे बघत राहिली. "अय्या," ती म्हणाली आणि पळत आत गेली. दादा त्याच्या नेहमीच्या जागी, हात धुऊन बसलेला होता. वहिनी हसली, मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने तो हसला. जेवताना वहिनीने दोनदा सगळ्यांना वाढलं आणि दोन्ही वेळा त्याला मागून घ्यावं लागलं.

पुढची गोष्ट भाचीने मला फोनवर सांगितली. ती गाडी शिकत होती, दादा शेजारी. चौकात पोलिसाने अडवलं आणि शिकाऊ परवान्यावर एकटी गाडी चालवते म्हणून दंड लावला. "मी म्हटलं, एकटी नाहीये, बाबा आहेत. त्याने वाकून बघितलं गं, आत्या. सरळ बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, कुठे आहेत? मग बाबा बोलले, तेव्हा तो दचकून मागे सरला. त्याच्या हातातून पेन पडलं."

"मग?"

"मग काय, सोडलं." मग ती म्हणाली, "आत्या, त्याने विचारल्यावर ना, मी पण वळून बघितलं. म्हणजे खात्री करायला."

दादाचे शिकाऊ एकेक करून गळाले. भांडून नाही. वर्ग आहे हे ते विसरायचे, मग वर्ग होता हेही. रस्ता ओलांडताना गाड्या त्याच्यासाठी थांबेनाशा झाल्या. तो भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला.

एकदा मी त्याला सरळच विचारलं, "दादा, तुला काय होतंय?"

"मला काही होत नाहीये," तो म्हणाला. "मला सगळं नीट दिसतं गं. इतकं नीट पूर्वी कधी दिसत नव्हतं. माझ्याकडे कुणी बघत नाही, तेसुद्धा दिसतं."

मी पुन्हा प्रोग्रॅमपाशी गेले. रकाना गाळणारी ओळ काढली आणि दादाचे निकाल उघडले. सहाच खांब आले. चांदणीवर माउस नेला. काहीच उघडलं नाही. ती फक्त खूण होती, जशी असायला हवी तशी. धाग्यांच्या तळाशी काही नव्हतं. कॉम्प्युटरकडून सगळे प्लॅन नव्याने काढून घेतले, पुन्हा पुन्हा काढून घेतले. ठिपक्यांची कमान कोपऱ्यापासून लांब, तिच्या जागी उभी राहिली. सगळं बरोबर होतं. जो प्लॅन मी स्वतः मशिनवर चढवला होता, तो असणं शक्य नाही असंच ते चित्र सांगत होतं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी वहिनी तळघरात आली. कामाने या बाजूला आले होते, म्हणाली. तिने ओली छत्री दाराशी टेकवली आणि दार थोडा वेळ तसंच उघडं धरलेलं राहिलं, मग लागलं. मी किटलीत चहा केला, दोन कपांत ओतला. वहिनी खुशीत होती. भाचीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

"मागची खोली भाड्याने द्यावी म्हणते," ती म्हणाली. "तशी रिकामीच असते. आता ही गेली की मी एकटी. एकटीने एवढं घर आवरायचं म्हणजे जीव जातो."

मी साखरेचा डबा घ्यायला पलीकडे हात लांब केला. वहिनीला एक चमचा घातला.

"मागच्या खोलीत दादा झोपतो ना?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. ओठ हलले. एखादा शब्द जिभेवर यावा आणि सापडू नये तसे.

"हो की," ती म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, "असतो ना तो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते का आलं, हे तिला कळत नव्हतं.

"मला बाहेरची खोली चालेल," दादा म्हणाला.

तो आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसला होता.

पाय पुढे ताणून.

त्याच्या खांद्यावर पावसाचे थेंब होते. दार त्यानेच धरलं होतं.

साखर घ्यायला मी त्याच्या मांडीवरून हात नेला होता. माझी बाही त्याच्या हाताला घासली होती.

"दादा," मी म्हटलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला नकोच होता चहा."

वहिनीने तोंडावर पदर धरला. माझा कप मी त्याच्यापुढे सरकवला. चहा बशीत सांडला. तो प्यायला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो, पापणी न लवू देता, वाऱ्यात धरलेल्या दिव्याकडे बघावं तशा. नजर हलली असती तर काय झालं असतं, हे आम्हाला माहीत होतं.

आता तो माझ्याकडे राहतो. वहिनी येते. कधी त्याला भेटायला येते, कधी आपण कशाला आलो ते तिलाच कळत नाही आणि ती माझ्याशी गप्पा मारून परत जाते. हात धरला की तो असतो, हे मला उमगलं आहे. म्हणून संध्याकाळी मी त्याचा हात धरून बसते. हात गरम असतो. नखं वाढलेली असली तर कापते. तो फारसं बोलत नाही. बोलला तरी आपण ऐकलं की आठवलं, याची खात्री करायला मला थांबावं लागतं.

मॅडमना सांगायला मी गेले होते. त्या नव्या पेशंटचा आलेख बघत होत्या. जबड्याची गाठ. ठिपक्यांची कमान आणि कोपऱ्यात चांदणी. त्यांनी चांदणीवर माउस नेला. चौकट उघडली.

"परत आलं बघ," त्या म्हणाल्या. "हल्ली जवळजवळ प्रत्येकात येतंय. लाळेच्या ग्रंथी शून्य, कणा शून्य. मी देतेय सगळ्यांना हेच."

"मॅडम, देऊ नका. माझ्या भावाचं काय झालं ते—"

"तुझ्या भावाचं?" त्यांनी चष्मा काढला. त्या मनापासून आठवत होत्या. "कुठला गं पेशंट?"

मी दादाची फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. गाठ नाहीशी. नजर उत्तम. दुष्परिणाम नाहीत. तक्रार नाही. "हे तर फारच छान आहे," त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली. मिटताच ती कशाबद्दल होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलेलं मी बघितलं.

नंतर काकांना विचारलं, किती जणांना हा प्लॅन दिला. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मशिन सकाळपासून चालू असतं, एवढं ते सांगू शकले. आवाज येत असतो. दार उघडतं, लागतं.

परवा दुपारी मी वर गेले होते. तपासणीला येणाऱ्या पेशंटसाठी तिथे मोठी खोली आहे, भिंतीला लागून खुर्च्यांच्या रांगा. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता कुणी नव्हतं. पंखे फिरत होते. टेबलापलीकडची मुलगी जांभई देत फोनमध्ये बघत होती. माझे पाय दुखत होते, म्हणून मी कडेच्या खुर्चीवर बसायला वाकले.

"बसा ना," एक बाई अगदी हळू, संकोचून म्हणाली. "मी सरकते."

आणि मग त्या सबंध रांगेत, एकीपासून दुसरीपर्यंत, शेवटच्या खुर्चीपर्यंत, सरकल्याचा आवाज होत गेला.